पेसाहची तीन मराठी नावे : बेने इस्राएलांच्या एका सणाचा अर्थविचार

कोकणातील बेने इस्राएल समाजासंबंधी लिहिताना बहुतेक अभ्यासकांनी एक विधान गृहीत धरलेले दिसते. या समाजाला शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि 'शमा' ही प्रार्थना एवढेच काय ते स्मरत होते. उरलेला धर्म तो विसरून गेला होता. पुढे कोचीनहून आलेले ज्यू शिक्षक आणि मुंबईतील ख्रिस्ती मिशनरी यांच्यामुळे तो त्याला पुन्हा लाभला, असे ते विधान होय. पेसाह या सणाविषयी तर ते विशेष आग्रहाने केले जाते. मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोकांची सुटका झाली तिचा हा सण. त्यात सात दिवस, आणि पॅलेस्टाइनबाहेरच्या परंपरेप्रमाणे आठ दिवस, आंबवलेले अन्न वर्ज्य असते. पहिल्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून सुटकेची कथा सांगावयाची असते. कोकणात कथा विसरली गेली आणि उरले ते घरातील एक मडके आठ दिवस झाकून ठेवणे, असे सांगण्यात येते. प्रस्तुत लेखात हे विधान भाषेच्या बाजूने तपासावयाचे आहे. त्यासाठी या सणाला मराठीत जी तीन नावे मिळाली ती एकेक करून पाहणे सोयीचे होईल.

पहिल्या नावाची नोंद हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी केली आहे. केहीमकर (१८३०–१९०९) हे समाजाचे पहिले मोठे इतिहासकार. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला, परंतु तो प्रसिद्ध झाला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. समाजातील सणांची जुनी नावे त्यांनी काळजीपूर्वक दिली आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा, आणि पेसाहच्या जागी 'अनशी ढाकाचा सण'. 'अनस' म्हणजे कालवणासाठी वापरावयाच्या आंबट द्रवाचे मातीचे भांडे. 'ढाकणे' म्हणजे आपले झाकणे. सणाचे आठ दिवस हे भांडे झाकून बाजूला ठेवीत, म्हणून हे नाव.

या नावांचे दोन विशेष सहज ध्यानात येतात. एक म्हणजे त्यांतील शब्दांचे थर. 'सण' हा शब्द हिंदू शेजाराचा, 'रोजा' हा मुसलमान शेजाराचा; हिब्रू शब्द एकही नाही. दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. ही नावे घडली आहेत ती षष्ठीच्या 'चा' प्रत्ययाने, आणि त्या प्रत्ययाच्या अलीकडे जे पद येते ते प्रायः एखाद्या पदार्थाचे किंवा घरगुती कृतीचे असते. खीर, बिरडे, दार लावून घेणे, भांडे झाकणे. त्यात पुराणकथा नाही, राजा नाही, प्रेषित नाही. सणाची ओळख पटते ती त्या दिवशी घरात काय शिजते आणि काय बंद होते यावरून. ज्या समाजाजवळ ग्रंथ नाही आणि पुरोहितवर्गही नाही, त्याचे पंचांग स्वयंपाकघरात राहते, हे या नावांवरून स्पष्ट होते.

केहीमकरांनी ही माहिती ज्या हेतूने मांडली तो हेतू समजून घेतला पाहिजे. कोणता सण स्मरणात राहिला आणि कोणता मुळातच ठाऊक नव्हता, यावरून पूर्वजांच्या स्थलांतराचा काळ ठरवावा अशी त्यांची विचारपद्धती आहे. हनुक्का हा सण समाजाला माहीत नव्हता, अर्थात तो प्रचारात येण्यापूर्वीच, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, पूर्वजांनी देश सोडला असावा, हे त्यांचे अनुमान प्रसिद्धच आहे. अशा मांडणीत प्रत्येक चालीरीत ही पुराव्याची वस्तू होते. ती मूळ रूपाशी जुळली तर स्मृती, न जुळली तर विस्मृती. चालीरीतीला स्वतःचा काही अर्थ असू शकतो, या शक्यतेला त्या मांडणीत फारशी जागा उरत नाही. समाजाच्या प्राचीनतेविषयी शंका घेतल्या जात होत्या त्या काळात हे स्वाभाविक होते. आपल्यावर मात्र ते बंधन नाही.

आता मडक्याकडे वळू. हिब्रूमध्ये आंबवलेल्या, वर्ज्य अन्नाला 'हामेत्स' म्हणतात. याच तीन व्यंजनांचा दुसरा शब्द आहे 'होमेत्स', आणि त्याचा अर्थ शिरका. धातूचा मूळ अर्थ आंबट होणे हा होय. पीठ फुगणे हा त्याचा पुढील विस्तार आहे. मराठीत नेमके हेच नाते आहे : 'आंबट', 'आंबणे', 'आंबवणे', 'आंबोण' हे सर्व शब्द एकाच कुळातले. इंग्रजी बोलणाऱ्याला आंबटपणा आणि पीठ फुगवणे या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, कारण त्याच्या भाषेत त्यांचे शब्द वेगळे आहेत. हिब्रू आणि मराठी या दोन असंबद्ध कुळांतील भाषांनी मात्र त्या एकत्र बांधल्या आहेत.

या भाषिक साम्याला कोकणच्या आहाराची जोड द्यावी लागते. तेथील रोजचे अन्न भात आणि तांदळाची भाकर. भाकर ही स्वभावतःच न आंबवलेली असते. जेथे पाव नाही तेथे 'पावाऐवजी बेखमीर भाकर खावी' या आज्ञेने कोणताच भेद निर्माण होत नाही, आणि भेदावाचून अर्थ नाही हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. वर्षभर जी भाकर खाल्ली तीच सणाला खाल्ली तर सण कळावा कशाने? तेव्हा भेदाची जागा भाकरीवरून सरकून जेथे आंबणे खरोखर घडत होते तेथे, म्हणजे आंबट द्रवाच्या भांड्यावर, गेली. वर्ज्य पदार्थ बदलला, वर्ज्यतेचे तत्त्व तेच राहिले. याला विस्मृती म्हणणे मला उचित वाटत नाही. एखादा जाणता भाषांतरकार परक्या देशातील वस्तूसाठी आपल्या देशातील समान कार्याची वस्तू योजतो, तसेच हे झाले आहे. फक्त हे भाषांतर शब्दांत नसून कृतीत आहे आणि ते करणाऱ्या स्त्रियांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

येथे एक सावधगिरी हवी. त्या स्त्रियांना 'होमेत्स' हा शब्द ठाऊक होता आणि त्याला अनुसरून त्यांनी मडके झाकले, असे मला सुचवावयाचे नाही. तसा पुरावा नाही. आंबल्याने आंबट होते हा अनुभव स्वयंपाकघराचा आहे. दोन भाषांनी तो स्वतंत्रपणे नोंदला, एवढेच म्हणता येते. परंतु तेवढ्यानेही 'मूळ अर्थ पार हरवला होता' हे विधान टिकत नाही.

दुसरे नाव 'वल्हांडण'. नाशिकमध्ये बसून या विषयाचा विचार करणाऱ्याला हेच नाव आधी भेटते. बेने इस्राएल हा समाज आमच्या विद्यार्थ्याला बहुधा पुस्तकातूनच माहीत असतो, पण 'वल्हांडण' आणि 'बेखमीर भाकर' हे शब्द शरणपूरच्या मराठी ख्रिस्ती घरांतून त्याच्या कानांवर आलेले असण्याचा संभव आहे. हे मराठी बायबलातील शब्द आहेत. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ते बेने इस्राएलांपर्यंतही पोहोचले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले ते या समाजाला डोळ्यांपुढे ठेवून, आणि मिशनच्या शाळांतून या समाजाचे अनेक शिक्षक काम करीत होते. आपल्या पूर्वजांची कथा या लोकांना मराठीत सलग वाचावयास मिळाली ती अशा रीतीने परधर्मीयांच्या हातून.

'बेखमीर' या शब्दाची अडचण वर सूचित केलीच आहे. 'बे' फारसी, 'खमीर' अरबी. हा शब्द पाव भाजणाऱ्या शहरी भटारखान्यातला. कोकणातील खेड्यात त्याला आधार नव्हता, आणि 'आंबणे' या जिवंत धातूशी असलेले नाते त्याने तोडले. 'न आंबलेली भाकर' असे म्हटले असते तर मडके आणि ग्रंथ एकमेकांना ओळखू शकले असते.

'वल्हांडण' हा शब्द अधिक विचार करावयास लावतो. आजचा विद्यार्थी त्यात 'वल्हे' ऐकतो. पण तो 'ओलांडणे' या क्रियापदाच्या जुन्या रूपापासून आला आहे. 'निर्गम' पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात मृत्यूचा दूत मिसरी लोकांच्या घरांत शिरतो आणि ज्या दारांवर कोकराच्या रक्ताची खूण आहे ती घरे सोडून देतो. म्हणून 'ओलांडणे'. परंतु मूळ हिब्रू धातूचा हा एकच अर्थ आहे काय? प्राचीन भाषांतरकारांचे यावर एकमत नव्हते. अलेक्झांड्रियातील ज्यूंच्या ग्रीक भाषांतरात त्याच अध्यायाच्या १३ व्या व २७ व्या श्लोकांत 'स्केपाझो' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ आच्छादणे, आसरा देणे. ऑन्केलोसच्या अरामी भाषांतरात 'दया करणे, वाचवणे' या अर्थाचा शब्द आहे. यशयाच्या ३१ व्या अध्यायात हाच हिब्रू धातू पिलांवर पंख धरणाऱ्या पक्ष्यांच्या उपमेबरोबर येतो, आणि तेथे रक्षण हाच अर्थ बसतो. म्हणजे देव ते घर टाळून पुढे गेला, की त्या घरावर पाखर घालून उभा राहिला, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही खुला होता.

मराठी भाषांतराने पहिला अर्थ निवडला. त्या निवडीचा परिणाम मराठी कानावर काय होतो हे पाहण्यासारखे आहे. आपण मर्यादा ओलांडतो, उंबरठा ओलांडतो. झोपलेल्या मुलाला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते, असे आपल्या घरांतून सांगतात. मराठीत माणसाला ओलांडून जाणे हे मायेचे लक्षण नव्हे. 'वल्हांडण' या शब्दात दूताने घर चुकवले एवढे येते; त्या घरातल्यांना कोणी आसरा दिला हे येत नाही. भाषांतर चुकले असे मी म्हणणार नाही. एका भाषेतील संदिग्ध शब्दासाठी दुसऱ्या भाषेत निश्चित शब्द घेतला की अर्थाची एक बाजू बाहेर राहतेच. फक्त ती कोणती हे सांगणे टीकाकाराचे काम आहे. येथे बाहेर राहिली ती आश्रयाची बाजू. 'ढाकणे' आणि 'स्केपाझो' या दोहोंचा अर्थ झाकणे असा आहे हा योगायोग मोहात पाडणारा आहे. त्याला व्युत्पत्ती समजू नये. एक भांडे झाकले जाते, दुसऱ्यात माणसे. बेने इस्राएलांच्या काही घरांतून मेंढराच्या रक्तात पंजा बुडवून त्याचा ठसा कागदावर घेण्याची व तो कागद दारावर लावण्याची चाल होती. तिच्याविषयी मात्र एवढे म्हणता येईल की, दाराच्या रक्षणाचा अर्थ या समाजाला कळत होता.

तिसरे नाव 'पेसाह'. भाषांतर न करता मूळ ध्वनीच स्वीकारला की अर्थाचा वाद टळतो आणि जगभरच्या ज्यूंशी नाते जोडले जाते. परंतु ध्वनी स्वतः काही सांगत नाही. सांगण्याचे काम ग्रंथावर येते. तो ग्रंथ म्हणजे हग्गादा, पहिल्या रात्रीच्या 'सेदेर'ची पोथी. मराठी भाषांतरासह ती प्रथम मुंबईत १८४६ मध्ये निघाली. दुसरी, सचित्र, पुण्यात १८७४ मध्ये. तिचे भाषांतर मोझेस जेकब तळकर आणि अहरोन डॅनिएल तळकर यांचे, आणि छपाई विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्याकडील. न्यूयॉर्क येथे १९६८ मध्ये वॉल्टर फिशेल यांच्या प्रस्तावनेसह तिची प्रतिकृती निघाली, त्यामुळे ती आज अभ्यासकाला पाहता येते.

पुण्याच्या पोथीतील चित्रांची चर्चा पुष्कळ होते. बरीचशी चित्रे युरोपीय पोथ्यांच्या वळणाची आहेत. पण सणाची भाकर करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून खाली बसलेल्या आहेत. याकडे केवळ स्थानिक रंग म्हणून पाहिले जाते. मला त्यात पहिल्या नावाचा हक्क दिसतो. कथेचे प्रसंग बाहेरून आले, कृतीचा प्रसंग मात्र उसना घेण्याची गरज पडली नाही, कारण तो अनशी ढाकाच्या सणापासून या घरांत चालत आला होता.

पोथीच्या भाषेसंबंधी मात्र एक प्रश्न आहे. हग्गादाचा बहुतेक भाग हिब्रूत आहे. पण कथेच्या आरंभी, भाकर वर उचलून, जो कोणी भुकेला आणि गरजू असेल त्याला आपल्या पंक्तीला बोलावणारा परिच्छेद अरामी भाषेत आहे. अरामी ही त्या काळच्या लोकांची बोली. निमंत्रण ज्याला द्यावयाचे त्याला कळले पाहिजे, म्हणून ते बोलीत, असे परंपरा सांगते. विद्वानांची भाषा आणि दारावरच्या माणसाची भाषा हा भेद पोथीच्या रचनेतच आहे. हिब्रू व अरामी दोन्ही मराठीत आल्या की हा भेद दिसेनासा होतो. पण दुसऱ्या दृष्टीने पाहता, सबंध पोथी मराठीत आणणे म्हणजे त्या एका परिच्छेदाचे धोरण सर्व पोथीला लावणे होय. दारावरच्या माणसाला निमंत्रणच नव्हे, तर कथाही कळावी, असा त्याचा अर्थ होतो. तळकरांच्या कामाचे मोल मी येथे मानतो.

निमंत्रणाच्या उल्लेखाने आपण सणाच्या सामाजिक अंगाकडे येतो, आणि शब्दार्थात बाहेर राहिलेली आश्रयाची बाजू येथे पुन्हा भेटते. मिश्नाच्या 'पेसाहीम' प्रकरणाचा दहावा अध्याय असे विधान करतो की, अगदी दरिद्री माणसालाही त्या रात्री द्राक्षरसाचे चार पेले कमी पडू नयेत, मग ते धर्मादायातून द्यावे लागले तरी हरकत नाही. जेरुसलेम तालमूदात पेसाहच्या गव्हाचा नियम आहे : गावात बारा महिने राहिलेला मनुष्य देण्याच्याही आणि घेण्याच्याही व्यवस्थेत येतो. मराठीत याला 'देणेघेणे' असा एकच शब्द आहे. तेव्हा अमेरिकेतील शहरांतून ज्यू कुटुंबसेवा संस्था पेसाहच्या आधी वृद्धांच्या व गरजूंच्या घरी शिधा पोहोचवितात, याला आधुनिक समाजकार्याने सणाला लावलेले ठिगळ समजणे चूक आहे. ते सणाच्या मूळ विधीतच आहे. सण कुटुंबाचा आहे, आणि ज्याला कुटुंब नाही त्याची सोय लावल्याशिवाय तो पुरा होत नाही.

महाराष्ट्रात हे काम समाजाने स्वतः केले. केहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. १९१३ मध्ये स्त्रीमंडळ स्थापन झाले. मडक्याच्या सणाचे वहन ज्या वर्गाने केले त्याची संस्था निघावी, हे क्रमाला धरूनच झाले. १९४८ नंतर समाजाचा फार मोठा भाग इस्राएलमध्ये, लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा अशा ठिकाणी, स्थायिक झाला. मागे राहिलेल्यांत वृद्ध आणि एकटे यांचे प्रमाण वाढणे अपरिहार्य होते. १९६० च्या दशकापासून अमेरिकन ज्यू जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी मुंबईत मदतकार्य करीत आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. आज भारतात हा समाज काही हजारांचाच आहे.

अशा स्थितीत प्रश्न उभा राहतो तो केवळ शिध्याचा नाही. सेदेरचा विधी प्रश्नाने सुरू होतो. घरातील लहान मुलाने विचारावयाचे आणि वडिलांनी सांगावयाचे. मूल नसेल तर पत्नीने विचारावे, आणि कोणीच नसेल तर माणसाने स्वतःलाच विचारावे, अशी तालमूदाची व्यवस्था आहे. तिच्यातील करुण भाग कोणाच्याही ध्यानात येईल. भाषेच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. स्वतःला विचारावयाचा प्रश्न माणूस स्वतःच्या भाषेतच विचारतो. ज्या वृद्धेचे सारे आयुष्य मराठीत गेले, तिच्यापुढे संस्थेने भाकर, खजुराचा रस आणि बेदाण्यांचे सरबत ठेवले, पण पोथी इंग्रजी ठेवली, तर तिला शिधा पोहोचला, निमंत्रण पोहोचले नाही. ते अरामीत का होते हे विसरले गेले, असेच म्हणावे लागेल. विस्मृतीचा आरोप करावयाचाच असेल तर तो मडके झाकणाऱ्या कोकणी स्त्रीवर नव्हे, येथे करावा.

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. 'अनशी ढाकाचा सण' या नावाने वर्ज्यतेचा अर्थ राखला, 'वल्हांडण' या नावाने कथा दिली पण आश्रयाचा अर्थ गमावला, आणि 'पेसाह' या नावाने जगाशी संबंध जोडला पण अर्थ पोथीवर सोपविला. एकही नाव पुरेसे नाही, आणि एकही टाकाऊ नाही. यांपैकी पहिले नाव आता बोलण्यातून गेले आहे. ते केहीमकरांच्या पानांत आहे, आणि कदाचित अलिबाग-पेण-रोह्याकडील किंवा इस्राएलमधील काही वृद्धांच्या आठवणीत असेल. इस्राएलमध्ये 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक याच समाजाने चालविले, यावरून तेथेही मराठीची ओढ टिकली होती हे दिसते. बोलींच्या सर्वेक्षणासाठी आपल्या विभागातून प्रश्नावल्या तयार होतात, त्यांत नातेवाचक शब्द असतात, शेतीचे शब्द असतात. सणांची घरगुती नावे क्वचितच असतात. ती घालावीत. प्रश्न मात्र 'या सणाला काय म्हणता' असा असू नये. 'या दिवशी घरात काय झाकून ठेवीत होता' असा असावा. उत्तर त्यानेच मिळण्याचा संभव अधिक आहे.